मंडपाखालची गांडुळं

भिवंडीला हवापालटासाठी गेलो होतो असं सांगितलं तर साताऱ्यात कोणी विश्वास ठेवत नाही. गांडुळांसाठी गेलो होतो असं सांगितलं की लगेच ठेवतात. गावाचं माझ्याबद्दल काय मत आहे, ते मला या निमित्ताने कळलं.

माझी भाची सुलभा भिवंडीतल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. जानेवारीत तिचा फोन आला. प्रकृतीची चौकशी वगैरे न करता तिने विचारलं, "मामा, तुझे हात थरथरायला लागले का रे?"

"नाही."

"मग ये."

मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात नोकरी घालवली. हात स्थिर, नजर बारीक आणि स्वभाव, माझ्या बहिणीच्या मते, त्या नजरेपायी बिघडलेला. सुलभाचं उजवं मनगट रिक्षातून उतरताना मोडलं होतं आणि तिला गांडुळांचं रक्त काढायचं होतं. विद्यार्थी परीक्षेत, नवरा बोटीवर, सहकारी लग्नसराईत. उरलो मी.

धामणकर नाका, मंगळवार

साताऱ्यात वाहतूक तुंबते ती दोन ओळखीची माणसं स्कूटर थांबवून बोलायला लागली म्हणून. धामणकर नाक्यावर ती का तुंबते याचा शोध कोणी घेत नाही. ती तिथली स्थिती आहे, जशी आमच्याकडे थंडी. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात असा माझा समज होता. चौथा चढला तेव्हा मी सरकलो. पाचवा माणूस कापडाचा तागा घेऊन आला तेव्हा मी रिक्षावाल्याकडे पाहिलं.

"चाचा, तिरके बसा ना जरा," तो समजुतीने म्हणाला. "सब सीधा बैठेंगे तर जमनार कसं?"

तिरका बसलो. जमलं. ताग्याचं एक टोक माझ्या कानाला लागून होतं आणि त्यातून नव्या कापडाचा, खळीचा वास येत होता. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट चालू होती. सुलभाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही ती जमिनीतून पायात चढते. "झोप येते का तुला यात?" मी विचारलं.

"थांबली की जाग येते," ती म्हणाली.

जेवताना तिने मला कामाची माहिती दिली. डाव्या हाताने वरण-भात खात सांगत असल्यामुळे निम्मी माहिती ताटाबाहेर सांडली, पण मला कळलं ते असं. आपल्या रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन, म्हणजे हिमोग्लोबिन, पेशींच्या पिशव्यांत सुखरूप असतं. पिशवी फुटून ते उघड्यावर पडलं की त्याचे तुकडे होतात, ते मूत्रपिंडांना त्रास देतात आणि तपकिरी पडून निकामी होतात. गांडुळाकडे असल्या पिशव्याच नाहीत. त्याचं हिमोग्लोबिन उघडंच रक्तात फिरतं, आणि तरीही टिकतं. टिकतं, कारण ते अवाढव्य असतं. प्राणवायू धरणाऱ्या साखळ्यांचे गठ्ठे षटकोनी कड्यात मांडलेले, त्या कड्यावर दुसरं तसंच कडं, आणि मधून हे सगळं बांधून ठेवणाऱ्या निराळ्या साखळ्या.

"त्या निराळ्या साखळ्या प्राणवायू वाहत नाहीत?"

"नाही. नुसत्या धरून ठेवतात. त्या सुटल्या की सगळं कोसळतं."

"म्हणजे सुतळी."

"म्हणजे सुतळी," ती म्हणाली. "आणि माझं सगळं त्या सुतळीवर अडलंय."

फ्रिजबाहेरही टिकणारं असं प्रथिन माणसाला रक्ताऐवजी देता येईल का, यावर जगात बरेच लोक काम करतात. सुलभाचा प्रश्न त्याहून लहान होता. ऑगस्टमध्ये तिने अंजूरच्या एका भातशेतातली गांडुळं आणली होती. कॉलेजच्या बागेतल्या गांडुळांचं रक्त ज्या गरमीला तपकिरी होऊन नासलेल्या दुधासारखं फुटत होतं, त्याच गरमीला अंजूरच्यांचं लालभडक राहिलं. तिने लेख लिहून पाठवला. परीक्षकांचं उत्तर आलं: फारच छान, आता ताजी गांडुळं आणून हेच पुन्हा करून दाखवा.

"लाल का राहिलं?"

"माहीत नाही. शेताकडेच्या नाल्यात सायझिंगवाल्यांचं गरम पाणी यायचं, वर्षानुवर्षं. सुताला खळ लावायचे कारखाने रे. त्यामुळे असेल. नसेलही."

कारण माहीत नसताना तसं सांगणारा माणूस मला नोकरीत फारसा भेटला नव्हता. मी तिला मदत करायचं मनापासून ठरवलं ते या वाक्याला.

अडचण एवढीच होती, की ते शेत आता गोदामासाठी विकलं गेलं होतं. गुरुवारी भूमिपूजन, आणि ते झालं की डंपर येऊन मुरमाची भरणी. खरं तर हे सगळं मार्चमध्ये व्हायचं होतं. पण प्रमुख पाहुण्यांची आधीची तारीख मिळाली, म्हणून मुहूर्तही आधीचा निघाला. शास्त्राला अशी सोय नसते.

अंजूर, बुधवार

अंजूरला जाताना एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला गोदामं लागतात. गोदामं सारखीच, निळ्या पत्र्यांची, आणि इतकी लांब की एकाच्या भिंतीकडेने चालताना आपण जागच्या जागी चालतो आहोत असं वाटतं. मधेच भाताची खुंटं असलेला एखादा तुकडा येतो. तो पाहून आनंद व्हायच्या आत त्यावर लावलेली पाटी दिसते.

आमच्या शेताचे मालक, खरं म्हणजे माजी मालक, बाळारामकाका बांधावर उभे होते. सत्तरीचे, अंगात बनियन, कमरेला टॉवेल. सुलभाने मी तिचा मामा असल्याचं सांगितल्यामुळे त्यांनीही मला मामाच करून टाकलं.

"आता कुटली गांडुलं गावनार, मामा? जमीन बगा, थालीसारी वाजते."

त्यांनी टाच आपटून दाखवली. खरंच वाजली. नाल्याकाठची ओली पट्टी डंपरच्या वाटेसाठी आधीच मुरमाखाली गेली होती. उरलेला मधला भाग कापणीनंतर वाळून खडक झाला होता. अशा वेळी गांडुळं खोल जाऊन गोळा होऊन पडतात, हे मला सुलभाने तिथेच सांगितलं. घरी सांगितलं असतं तर मी कुदळीऐवजी सबब घेऊन आलो असतो.

आम्ही खणलं. म्हणजे मी खणलं, सुलभा डाव्या हाताने दिशा दाखवत होती. कुदळ जमिनीवर मारली की ती तितक्याच जोराने परत यायची. दुपारपर्यंत मी चार ठिकाणी खड्डे पाडले. त्यांत एक बेडूक, एक बूच आणि कोणाच्या तरी चपलेचा अंगठा निघाला. शेवटच्या खड्ड्यात कुदळीचा दांडाच निघून आला.

"दांड्याला पाणी पाजावं लागतं," बाळारामकाका म्हणाले. "रातभर. मंग फुगतो."

"हे आधी सांगायचं ना."

"तुमी इचारलं न्हाय."

जमीन भिजवता आली असती, पण काकांच्या विहिरीवरच्या मोटरची वीज व्यवहार झाल्याबरोबर तोडली होती. शेताच्या मधोमध मात्र पाण्याचा टँकर उभा होता. तिथे भूमिपूजनाचा मंडप उभा राहत होता आणि टँकर मंडपाच्या जागेवर पाणी मारत होता. सुलभा तिकडे गेली. मंडपवाला इरफान चाळिशीचा, अंगाने बारीक आणि सतत वर पाहत बोलणारा माणूस होता, कारण त्याचं सगळं लक्ष बांबूच्या टोकाला बांधल्या जाणाऱ्या गाठींकडे असायचं.

"मॅडम, टँकर तीन दिवसांपासून येतोय, पण सगळा इथेच लागतो. धूल उडली ना, तर पाहुण्यांचे कपडे पांढरे," तो म्हणाला. "ए, ती गाठ परत मार. झोपला काय?"

"एक बादली द्या."

"आज खल्लास. उद्या फंक्शन झाल्यावर या, जितना है सब आपका."

उद्याच्या पाण्याने उद्याची गांडुळं वर येत नाहीत, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. माझ्या हाताला फोड आले होते. परतताना खाडीच्या चिखलात एक चप्पल गेली, ती काकांनी काठीने काढून दिली आणि जेवायला घेऊन गेले.

तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि निवट्यांचं कालवण. निवटा हा खाडीतला मासा पाण्याबाहेर चिखलावर चालतो, हे ऐकल्यावर मला त्याच्याविषयी आदर वाटला, आणि खाल्ल्यावर तो वाढला. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, चवीला ठाम. ही तांदळाची भाकरी इतकी मऊ की तिला मत नसावं असं वाटतं, पण कालवणाबरोबर तिचं मत कळतं. काकी वाढताना सुलभाच्या प्लास्टरकडे पाहून म्हणाल्या, "हात मोरलाय नि चिकलात फिरते. नवरा काय बोलत न्हाय?"

"तो बोटीवर आहे, काकी."

"मंग बोलनार कोन?"

जेवताना मी उद्याविषयी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "पत्रिका आली ना. तिसरे रांगत बसवनार हायत आमाना." 

मंडप, गुरुवार

पत्रिकेवर दहाची वेळ होती. पाहुणे साडेबाराला आले. मधल्या काळात एका निवेदकाने माइकवरून शेर ऐकवले, आकाशात ड्रोन फिरला, आणि फलकांवरचे हात जोडलेले चेहरे आमच्याकडे पाहत राहिले. त्या फलकांवर एवढी माणसं होती की प्रत्यक्ष खुर्च्यांवर त्याहून कमी भरली असती. बाळारामकाका इस्त्रीच्या सदऱ्यात तिसऱ्या रांगेत बसले होते. मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात बसल्यासारखे.

आम्ही दोघं मंडपाच्या कडेला पत्र्याचा डबा आणि नवा दांडा बसवलेली कुदळ घेऊन उभे होतो. समारंभ आटोपला की शेवटचा प्रयत्न करायचा असं ठरलं होतं. सुलभाने परीक्षकांना महिनाअखेर उत्तर द्यायचं कबूल केलं होतं.

मंत्र झाले. लाल गालिच्यात मधोमध एक चौकोन कापून ठेवला होता. तेवढ्याच जागेत पाहुण्यांनी कुदळ मारायची. कुदळीला रिबीन होती. पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे पाहत ती हातभर उचलली आणि सोडली, आणि काल माझ्याकडून ज्या जमिनीचा टवका मोठ्या मुश्किलीने निघाला होता तिच्यात ती लोण्यात शिरावी तशी गेली. मातीचं ढेकूळ उलटलं. त्यातून एक लांबलचक गांडूळ निघालं आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटावर पडलं.

पाहुणे मागे सरले. निवेदक तयारीचा होता. "शेतकऱ्याचा मित्रसुद्धा आज स्वागताला आलेला आहे," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

तोवर सुलभा गालिच्यावर पोचली होती. प्लास्टरचा हात गळ्यात, डावा पुढे. "सर, ते गांडूळ मला द्याल का?"

पाहुण्यांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं, मान हलवली आणि मागच्या माणसाला म्हणाले, "ताईंचं निवेदन घेऊन ठेवा."

त्यानंतर भाषणं झाली. भाषणांत जमिनीचा उल्लेख बऱ्याचदा आला, ज्यांची ती होती त्यांचा आला नाही. मग सत्कार. नावांच्या गर्दीत अचानक "साताऱ्याहून खास पधारलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ" असं काहीतरी ऐकू आलं आणि लोक माझ्याकडे पाहू लागले. माझे पांढरे केस आणि हातातला डबा पाहून निवेदकाने इरफानला विचारलं होतं, इरफानने वर पाहत "सातारा के सायन्सवाले बडे साब" असं सांगितलं होतं. मी नाही म्हणायला व्यासपीठापर्यंत गेलो. तिथे नाही म्हणता येत नाही. एक हिरवट, टोचणारी शाल, एक नारळ आणि पाहुण्यांबरोबर फोटो. मी आयुष्यभर असल्या शालींची टिंगल केली. ती अंगावर घेऊन मी खाली उतरलो तेव्हा बाळारामकाका म्हणाले, "छान दिसता, मामा," आणि ते गंभीरपणे म्हणाले, हे जास्त वाईट.

पाहुणे जेवायला गेले आणि आम्ही त्या चौकोनावर तुटून पडलो. मऊ, ओली, लालसर माती. वीतभर खणेपर्यंत डब्यात डझनभर गांडुळं. सुलभाचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. ज्या समारंभाला मी सकाळपासून शिव्या देत होतो त्यानेच आमचं काम केलं होतं. मला ते आवडलं नाही, पण मी कबूल केलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रक्त काढलं. गांडूळ बर्फावर ठेवून सुस्त करायचं, पाठीवरची गडद रेघ म्हणजे मुख्य रक्तवाहिनी, तिला केसासारख्या काचनळीने टोचायचं. नळीत लाल धागा चढतो. स्वतःचं रक्त तपासायला देताना मी तोंड फिरवतो, पण हे करताना मला काही झालं नाही. बहुधा सुलभा "हळू, हळू" असं ज्या आवाजात म्हणत होती त्यामुळे. मग दोन नळ्या गरम पाण्याच्या पेटीत. एकीत बागेतल्या गांडुळाचं, एकीत अंजूरचं.

आम्ही वाट पाहिली. बागेतलं आधी काळपट झालं, मग चहासारखं, मग त्यात गुठळ्या आल्या. अंजूरचं त्याच्यामागोमाग तसंच झालं.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

सुलभा स्टुलावर बसली. "म्हणजे ऑगस्टमध्ये माझी चूक झाली होती," ती म्हणाली. "मी चूक छापायला निघाले होते."

असल्या वेळी काय बोलावं हे कुठल्या पुस्तकात दिलं असेल तर त्याची मुद्रितं माझ्याकडे आली नव्हती. हात रिकामे राहू नयेत म्हणून डबा साफ करायला घेतला. माती उपसताना बोटाला काहीतरी लागलं: काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा, भोकं पाडलेला. तसल्या पिशवीत मी साताऱ्यात दरवर्षी मोगऱ्याचं रोप विकत आणतो.

"सुलभा, ऑगस्टमधली माती कसली होती?"

"काळी. भाताची. का?"

"ही लाल आहे."

ती डब्यापाशी आली. "आणि गांडुळं? ती तशीच आहेत का?" मी विचारलं.

"मला काय माहीत? ऑगस्टमध्ये प्राणिशास्त्राच्या बाईंनी ओळखून दिली होती. मामा, मी गांडूळ बाहेरून ओळखत नाही."

दहा वर्षं गांडुळांवर काम करणाऱ्या बाईने हे वाक्य इतक्या सरळपणे उच्चारलं की मी तिला माफ केलं. इरफानला फोन लावला. मागे कुठेतरी हळदीची गाणी वाजत होती.

"हां साब, माती पडघ्याची. हायवेच्या नर्सरीतून गोण्या आणल्या, खड्डा करून भरल्या," तो अभिमानाने म्हणाला. "मागच्या टायमाला एका साहेबांची कुदल दगडावर बसली, मनगट सुजलं. तवापासून मी आधी नरम माती भरतो. सगळेच भरतात. तुमाना माहीत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. भूमिपूजनाची भूमी पडघ्याहून येते हे मला साठी उलटल्यावर कळलं.

"इरफानभाई, मंडप सोडला का?"

"मुलं गेली पडघ्याला, हळदीचं काम आहे. सकाळी येऊन सोडतील, तोच माल दुपारच्या लग्नाला लागतो. डंपरवाला ओरडतोय, मंडप आहे तोवर मधे भरणी टाकता येत नाही म्हणून."

"सकाळी शेवटची गाठ तुम्ही सोडा. आम्ही येईपर्यंत थांबा."

"मॅडमचं गांडूळ हाय का त्यात?"

"असेल. नसेलही."

"या मग."

अंजूर, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीत माग बंद असतात. मला खरोखरच शांततेने जाग आली. उजाडता उजाडता आम्ही अंजूरला पोचलो तेव्हा रस्त्याकडचा अर्धा भाग मुरमाखाली गेलेला होता, गुडघ्याहून उंच, आणि त्या लाल पठारासमोर मंडप एकटा उभा होता, छत काढलेलं, नुसते बांबू. एक डंपर इंजिन चालू ठेवून वाट पाहत होता. इरफान एका बांबूला टेकून होता.

"आठला लग्नवाले फोन करतील. त्याच्या आधी," तो म्हणाला.

सुलभाचं म्हणणं साधं होतं. वरची माती पडघ्याची, पण तीन दिवस टँकरचं पाणी खाली मुरलंय, वर गालिचा, म्हणजे ओल आणि अंधार. या शेतातली गांडुळं खोल गेलेली आहेत. कुठे वर आली असतील तर इथेच. त्यासाठी नर्सरीची सगळी माती काढून खालच्या काळ्या मातीत जायला हवं होतं.

मी कुदळ घेतली तेव्हा मागून आवाज आला, "जरा सरा, मामा."

बाळारामकाका स्वतःची कुदळ घेऊन आले होते. दांडा ओला होता, रात्रभर पाण्यात ठेवलेला. "काल आमच्याच जमिनीत आमाना कुदल मारू दिली न्हाय," ते म्हणाले. "आन जमीन तरी कुटं होती ती. पडग्याची माती, इरफान बोलला."

त्यांनी लाल माती बाजूला ओढली. इरफानने गालिचा आणखी गुंडाळला. खाली काळी जमीन लागली, ओलसर, हाताने दाबली की ठसा राहणारी. काकांनी पहिला घाव घातला, मग दुसरा. ते सावकाश खणत होते. प्रत्येक ढेकूळ उचलून फोडून सुलभाच्या पुढ्यात ठेवत होते. डंपरवाल्याने हॉर्न दिला. इरफान वर न पाहता, पहिल्यांदाच सरळ माणसाच्या डोळ्यांत पाहत ओरडला, "अबे रुक ना. काका खोद रहे हैं."

दोन ढेकळं रिकामी गेली. तिसऱ्यात एक निघालं, कालच्यांहून आखूड, फिकं, अर्धवट झोपेत असल्यासारखं. मग आणखी तीन. मग एका ढेकळात पाच एकदम, एकमेकांत गुंतलेली. मी डब्यात काळी माती घालून ती ठेवत गेलो. या वेळी डबे दोन होते आणि त्यांवर मी मोठ्या अक्षरांत 'पडघा' आणि 'अंजूर' असं लिहिलं होतं. एवढी अक्कल आली होती.

आठच्या आधी काका थांबले. कुदळ पुसली, खड्ड्याकडे पाहिलं. "बास," म्हणाले. "आता टाकूंदे त्यांना." काकी बांधावरून हाका मारत होत्या, चहा झाला म्हणून. इरफानने कोपऱ्यातली एक गाठ सोडली आणि तो उंच सांगाडा, ज्याखाली काल एवढी माणसं बसली होती, एकेक बांबू करत जमिनीवर आडवा झाला. सुलभा थांबून ते पाहत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं मला माहीत होतं, म्हणून मी सुतळीचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी कॉलेजच्या आसपास माग बंद असल्यामुळे पाण्याच्या पेटीची बारीक गुणगुण ऐकू येत होती. नळ्या तीन: बाग, पडघा, अंजूर. बागेतलं तपकिरी झालं. पडघ्याचं झालं. त्यांत गुठळ्या आल्या. सुलभा खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिला बघवत नव्हतं.

"मामा, सांग."

मी नळी उजेडात धरली. मुद्रितशोधक माणूस पहिल्या वाचनावर विश्वास ठेवत नाही. पुन्हा पेटीत ठेवली, पुन्हा काढली.

"लाल," मी म्हटलं.

ती वळली. माझ्या हातातून नळी घेतली, डाव्या हाताने, आणि स्वतः उजेडात धरली.

सातारा

उरलेली गांडुळं दोन कुंड्यांत विभागली. एक तिच्याकडे. दुसरी मी आणली, कारण एकाच ठिकाणी सगळी ठेवू नयेत असं ती म्हणाली, आणि ते शेत आता कुठेच नाही. एसटीत कुंडी मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी विचारलं कसलं रोप आहे, मी म्हटलं अजून उगवलं नाही.

साताऱ्याची जानेवारीतली थंडी भिवंडीच्या गांडुळांना सोसत नाही. कुंडी मी न्हाणीघरात बंबाजवळ ठेवतो, दोन दिवसांआड कोमट पाणी शिंपडतो. बहीण म्हणते की तिच्यासाठी मी एवढं कधी केलं नाही. खरं आहे. परवा शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले, कुंडीवरचं पांघरूण पाहून म्हणाले, "अहो, ही तर सत्काराची शाल. कधी झाला? कळवलं नाही."

मी त्यांना शालीचं टोक उचलून दाखवलं. काळ्या मातीत एक फिकं टोक हललं, उजेड लागला तसं आत गेलं. मी शाल पुन्हा नीट खोचली.